ठशातला हात

वॅटी सिनॉट नाणी आणायचा ती खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीतून. डबी उघडली की आधी निलगिरीचा वास, त्यामागून चिखलाचा, आणि मग कापसावर ठेवलेलं नाणं दिसायचं. काळपट चांदीचं, अंगठ्याच्या नखाहून थोडं मोठं, आणि इतकं पातळ की फुंकर मारली तर टेबलावरून उडेल.

"घे पोरी," त्या बुधवारी तो म्हणाला, "आणखी एक पाहुणा. आता संग्रहालयानं मला पेट्रोलचा तरी खर्च द्यावा."

नेसा रॉसिटरने नाणं कडेने धरून दिव्याखाली नेलं. आयर्लंडमधल्या वेक्सफर्डच्या जिल्हा संग्रहालयात तिचं हे दुसरं वर्ष. पदवी रसायनशास्त्राची, नाण्यांतलं जे काही कळत होतं ते सगळं लार डेव्हरूने शिकवलेलं. लार तिथला जुना अभिरक्षक, निवृत्तीला टेकलेला. नाणं कोणाचं, कुठल्या टांकसाळीतलं, हे तो ठरवायचा. धातू कोणता, वजन किती, खरं की बनावट, हे ती. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय अहवाल बाहेर जात नसे.

हे नाणं आधीच्या नाण्यांसारखंच होतं. जवळपास हजार वर्षांपूर्वी डब्लिनला राज्य करणाऱ्या नॉर्स लोकांनी, म्हणजे व्हायकिंगांनी, इंग्रजांच्या नाण्यांची नक्कल करून अशी नाणी पाडली होती. कारागिरांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे राजाच्या नावाच्या जागी नुसत्या उभ्या रेघा. राजाचा चेहरा म्हणजे डोळे लावलेला सलगम. मागच्या बाजूला लांब क्रूस, आणि क्रूसाने पाडलेल्या चार घरांपैकी एका घरात मनगटापासून तोडल्यासारखा एक छोटा हात. तो हात तिथे का, हे कोणालाच धड माहीत नव्हतं. कोणी म्हणे देवाचा आशीर्वाद, कोणी म्हणे टांकसाळीची खूण. "हाताचा अर्थ विचारत बसू नकोस," लारने तिला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. "वजन कर, फोटो काढ, पुढे चल."

"काय रे वॅटी," दारातून लारचा आवाज आला, "पंपघरात छापखाना काढलास की काय?"

"छापखाना काढला असता तर पन्नासच्या नोटा नसत्या छापल्या? ही फुटकी चांदी कशाला पाडली असती?"

लार हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. वॅटी डबी खिशात घालून निघाला. जिना उतरताना त्याचे गुडघे कुरकुरले ते वरपर्यंत ऐकू आलं.

"शुक्रवारी अहवाल द्यायचाय," लार म्हणाला. "पोलीस सार्जंटचा फोन आला होता."

वॅटी बंदराच्या उत्तरेकडच्या खाजणावर पंप सांभाळायचा. समुद्राला बांध घालून दीडेकशे वर्षांपूर्वी काढलेली ती जमीन. भरतीच्या पातळीखाली, थाळीसारखी सपाट. चरांतून येणारं पाणी पंपाने उचलून बांधापलीकडे टाकत राहायचं, नाहीतर आठवड्यात पुन्हा समुद्र. पंपाच्या तोंडाशी गजांची जाळी होती, तिच्यावर पाणगवत साचायचं, आणि वॅटी रोज सकाळी दाताळ्याने ते ओढून काढायचा. नाणी त्या गवतात मिळतात, असं त्याचं म्हणणं.

जमीनमालकांच्या समितीचं म्हणणं वेगळं होतं. वॅटी नाण्यांसाठी बांध पोखरतोय, असं कोणीतरी त्यांच्या कानात घातलं होतं. बांध पोखरणाऱ्याला पंपघरात ठेवणार कोण? नाणी खरी आणि बांधातली निघाली तर वॅटीची नोकरी जाणार, नोकरीबरोबर राहतं घर जाणार. नाणी बनावट निघाली तर फसवणुकीचा खटला. वॅटी वाचणार होता तो एकाच परिस्थितीत: नाणी खरी असली आणि खरोखरच पाण्याने वाहून आणलेली असली तर. ते ठरवायचं होतं नेसाने.

*

हातोड्याने पाडलेल्या नाण्याची एक गंमत असते. दोन लोखंडी ठसे, मध्ये चांदीची चकती, वरून एक घाव. हजारो घाव खाल्ले की ठसा थकतो, त्याला तडा जातो. ठशातली भेग नाण्यावर उंचवट्याच्या रेघेसारखी उमटते. आणि लोखंडातली भेग वाढते, भरून कधीच येत नाही. म्हणून एकाच ठशाची नाणी हाती आली की कोणतं आधी पाडलं, कोणतं नंतर, हे भेगेच्या लांबीवरून सांगता येतं.

वॅटीची सगळी नाणी एकाच ठशाची होती, हे नेसाला दुसऱ्या-तिसऱ्या नाण्यालाच कळलं होतं. त्यात वावगं काही नव्हतं. एखाद्याने टांकसाळीतून थेट घेतलेली थैली चरात पडली असेल, असं होतं कधीकधी. त्या दुपारी तिने सगळी नाणी भेगेच्या क्रमाने फळीवर मांडली. क्रूसाच्या टोकाशी केसाएवढी भेग असलेलं पहिलं, मग जरा लांब, मग आणखी लांब. मग तिने प्रत्येक नाणं वॅटीने कधी आणलं ते आठवून पाहिलं, आणि तिचा हात थांबला.

तोच क्रम होता. जे आधी पाडलं गेलं तेच आधी पाण्यातून वर आलं होतं. एकही मागेपुढे नाही.

चिखलात विखुरलेली थैली अशी रांगेने बाहेर येत नाही. रांगेने येतात ती एकाच प्रकारची नाणी: जी कोणीतरी अजून पाडतंय.

तिने क्ष-किरणांच्या यंत्राखाली सगळी पुन्हा घातली. चांदी जुनी होती; सोन्याचा आणि शिशाचा तो अंश आजच्या शुद्ध चांदीत मिळत नाही. पण जुनी मोडकी नाणी वितळवून नवी पाडणं अशक्य नव्हतं. वरचा काळा थर मात्र पृष्ठभागात खोल उतरलेला होता. तसा थर बसायला शेकडो वर्षं लागतात, किंवा रसायनं चांगली कळणारा कोणीतरी लागतो.

रसायनं कळणारं माणूस त्या इमारतीत एकच होतं, हे तिच्या लक्षात आलं. लारच्याही येणारच.

आणि लारबद्दल तिला काय ठाऊक होतं? एवढंच की आयुष्यभर तो एकच गोष्ट उराशी धरून बसला होता: नॉर्स लोकांच्या काळात वेक्सफर्डलाही टांकसाळ होती. पुरावा शून्य. असल्या प्रत्येक अनोळखी नाण्याखाली सगळे 'डब्लिन, अनिश्चित' असं लिहून मोकळे होत. "ज्या पोराचा बाप सापडत नाही, ते डब्लिनच्या दारात नेऊन ठेवायचं," लार चिडून म्हणायचा. आता अचानक वेक्सफर्डच्या चिखलातून, कुठेच न सापडलेल्या ठशाची नाणी येत होती. निवृत्तीला काही महिने उरलेले असताना. कोणाच्या पथ्यावर पडणार होतं ते?

तिने नाण्यांचे फोटो संगणकावर एकावर एक बसवले. क्रूसाला क्रूस, कडेला कड. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत भराभर सरकवून पाहिले. फक्त भेग वाढताना दिसायला हवी होती.

भेग वाढली. क्रूस जागचा हलला नाही, रेघा हलल्या नाहीत. हात मिटत गेला.

तिने पुन्हा सरकवले. पहिल्या नाण्यावर पंजा सताड उघडा होता. पुढे करंगळी वाकली, मग तिच्या शेजारचं बोट. आजच्या नाण्यावर तर्जनी आणि अंगठा एवढीच बाहेर होती, आणि भेग क्रूस ओलांडून त्या हाताच्या तळव्याकडे निघाली होती.

"ठसा पुन्हा कोरला असेल," तिच्या खांद्यावरून पाहत लार म्हणाला. तो कधी आत आला ते तिला कळलं नव्हतं.

"कसा कोरणार? ठशात खणता येतं. खणलेलं बोट बुजवता येत नाही."

"मळ भरला असेल बोटांत."

"मळ भरला तर बोट नाहीसं होईल, लार. वाकणार नाही. हे बघा, पेर दिसतंय. इथे दुमडलंय."

लारने भिंग डोळ्याला लावलं. मग भिंग खाली ठेवून त्याने तिच्याकडे पाहिलं. चोराकडे पाहावं तसं.

"तुझ्या शेल्फावर चांदी काळी करायच्या सल्फाइडच्या बाटल्या किती आहेत गं?"

"तुमच्या मोडक्या नाण्यांच्या कपाटाच्या किल्ल्या किती आहेत?" ती म्हणाली.

खाली रस्त्यावर शाळा सुटल्याचा गलका चालला होता.

*

गुरुवारी सकाळी ती खाजणावर जायला निघाली तेव्हा लार तिच्या गाडीपाशी उभा होता.

"तू एकटी जाणार नाहीस."

"माझ्यावर संशय आहे?"

"तुझा माझ्यावर नाही?" असं म्हणून तो शेजारच्या सीटवर बसला. वाटेत कोणी रेडिओसुद्धा लावला नाही.

बांध ओलांडून रस्ता खाली उतरला की समुद्र दिसेनासा होतो, पण तो आपल्या डोक्याच्या वर आहे हे कानांना जाणवत राहतं. धुकं उठत होतं. गोठलेल्या गवतावर ग्रीनलंडचे रानहंस हजारोंनी बसलेले, त्यांचा अखंड कलकलाट. मध्यभागी सरळ रेघेसारखा मुख्य चर, आणि त्याच्या टोकाशी वॅटीचं विटांचं पंपघर. धुराड्यातून धूर निघत होता.

वॅटीने त्यांना पाहून एक शब्दही न विचारता तव्यावर बेकन टाकलं. सोडा-ब्रेडचे जाड तुकडे कापले, लोणी पुढे सरकवलं. भिंतीवर त्याच्या बायकोचा, नॅनचा फोटो होता.

"चौकशी करायला आलात," तो म्हणाला. "करा. पण खाऊन करा. उपाशी माणूस वाईट न्यायाधीश असतो."

"वॅटी," नेसा म्हणाली, "बांधाला हात लावलात का तुम्ही? खरं सांगा."

"माझ्या नॅनची राख त्या बांधावर उधळलीये पोरी. तिथं मी खणेन?"

"मग ही नाणी तुम्हाला देतं कोण?"

"जाळी देते." त्याने ब्रेडचा तुकडा बेकनच्या चरबीत फिरवला आणि तसाच ताटलीत ठेवून दिला. "सांगून उपयोग नाही म्हणून सांगत नव्हतो. आधी एक ठोका येतो. खालून. पंपाचा नव्हे; पंपाचे सगळे आवाज मला नॅनच्या घोरण्यासारखे पाठ आहेत. हा जमिनीतून येतो, नडगीत कळतो. मग जाळीवर नाणं असतं."

लारने नाकातून आवाज काढला.

"हसा तुम्ही. मला काय हौस होती? तीन दिली तुमच्याकडे, आणि म्हटलं बास, हे काही बरं लक्षण नाही. पुढची दोन आली ती बांधावर जाऊन समुद्रात भिरकावली. तर पुढच्या आठवड्यात ठोका आणखी जोरात. तेव्हापासून निमूटपणे तुम्हाला आणून देतोय."

नेसाच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला. तिसऱ्या आणि चौथ्या नाण्यामध्ये भेग एकदम लांबली होती, दोन नाण्यांची जागा रिकामी असल्यासारखी. ते तिने अजून कोणालाही सांगितलं नव्हतं. लारलाही नाही. भेगांबद्दल तर वॅटीला काहीच ठाऊक नव्हतं.

"जाळी मी साफ करते," ती उठून म्हणाली. "तुम्ही दोघं इथे खिडकीत बसायचं. मला दोघंही दिसायला हवेत."

"दोघंही?" लार म्हणाला.

"दोघंही."

"बसा साहेब," वॅटीने लारपुढे चहाची किटली सरकवली. "आयुष्यात पहिल्यांदा एका बाकावर बसलोय आपण. दोघंही आरोपी."

बाहेर चराच्या कडेला बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता. वॅटीने आतूनच पंप बंद केला. नेसाने दाताळं घेऊन जाळीवरचं सगळं गवत ओढून काढलं. काठावर पसरून बोटांनी चाचपलं. काडी, पिसं, एक मेलेला खेकडा. मग पोटावर पडून टॉर्चच्या उजेडात जाळीचा गज न् गज पाहिला. खाली तिची पेन्सिल जाईल एवढीही कपार नव्हती. तिने हात वर केला, पंप पुन्हा सुरू झाला.

ती वाट पाहत उभी राहिली. खिडकीत दोन चेहरे. दोन्ही बाजूंना उघडा चर, कोणी बसेल असं एक झुडूप नाही. पाण्याबरोबर गवताचे पुंजके येत राहिले, जाळीला चिकटत राहिले. ऊन वर आलं. तिच्या पायांची बोटं बधिर झाली आणि ती स्वतःवरच वैतागली. एवढी शिकलेली मुलगी, गटाराच्या काठावर भुताची वाट पाहत उभी!

मग हंस गप्प झाले.

उडाले नाहीत. बसल्या जागी, सगळे एकदम, गप्प.

ठोका आला.

तो तिने ऐकला नाही. बुटाच्या तळव्यातून वर आला तो, नडगीतून गुडघ्यापर्यंत. एकच. वजनदार. कामाची सवय असलेल्या माणसाने घालावा तसा.

खिडकीत वॅटीने क्रूसाची खूण केली. लार उभा राहिला होता.

नेसाने जाळीकडे पाहिलं. गवताच्या हिरव्या पुंजक्यावर, तिने स्वतः स्वच्छ केलेल्या गजांमध्ये, एक काळपट चकती होती.

ती वाकली. बाही कोपरापर्यंत भिजली. पाणी इतकं गार होतं की हाड दुखलं. नाणं तिच्या चिमटीत आलं.

ते उबदार होतं.

*

लार धावत आला होता, ह्या वयात, टोपीशिवाय. तिने नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने ते क्षणभर धरलं आणि झटकन परत दिलं.

"घाव घातला की धातू तापतो," नेसा म्हणाली. तिला स्वतःचा आवाज परका वाटला. "नुकतंच पाडलेलं नाणं कोमट असतं. पण वर काळा थर आहे, लार. शेकडो वर्षांचा."

त्याने भिंग काढलं. भेग आता नाण्याच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली होती. एवढ्या भेगेचा ठसा पुढचा घाव सोसत नाही. आणि हात पुरता मिटला होता. मूठ त्या भेगेवर आवळलेली होती, एखाद्या दांड्यावर आवळावी तशी.

"हे शेवटचं," लार म्हणाला.

"तुमची वेक्सफर्डची टांकसाळ," ती म्हणाली. "मिळाली तुम्हाला."

त्याने पंपघराकडे पाहिलं, चराकडे पाहिलं, मग पायाखालच्या जमिनीकडे. त्याचे ओठ निळे पडले होते.

"टांकसाळ सापडली असं लिहिलं, तर उद्या इथे खणायला माणसं येतील," तो म्हणाला. "डब्लिन, अनिश्चित. माझ्या भागात तसंच लिहितो. आणि तुझ्या भागात लिही की पाण्याने वाहून आली."

"क्रमाबद्दल?"

"कोण विचारणार आहे? भेगा मोजणारे आपण दोघंच."

शुक्रवारी अहवाल गेला. नाणी अस्सल, प्राचीन, चरातल्या गाळातून पाण्याने विखुरलेली. बांधाशी संबंध असल्याचं काही दिसत नाही. खाली दोन सह्या. सार्जंटने फोन करून आभार मानले, समितीने तक्रार मागे घेतली. वॅटीने त्या आनंदात संग्रहालयात अख्खा ब्रेड आणि घरच्या लोण्याचा गोळा आणून दिला. त्याची नोकरी राहिली, घर राहिलं. जाळीवर आता फक्त गवत येतं, असं तो म्हणाला. महिनाभर त्याने दर बुधवारी रिकामी डबी दाखवली, मग तेही सोडून दिलं. नेसाने एक निर्दोष माणूस वाचवला होता. तेवढं तरी खरं होतं.

शेवटच्या नाण्याचं वजन मात्र तिला घेता आलं नाही.

ते सूक्ष्म तराजूवर ठेवलं की आकडा ठरेना, सारखा थरथरायचा, आणि असायला हवा त्याहून किंचित कमी यायचा. तराजू बिघडला नव्हता. पारड्यावरची वस्तू गरम असली की असंच होतं: तिच्याभोवतीची हवा वर चढते आणि पारडं हलकेच उचलते. थांबलं की वस्तू निवते आणि आकडा स्थिरावतो. नेसा थांबली. जेवून आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवून पाहिलं. मग तिने नाण्याला तापमापकाची बारीक तार चिकटवली. चौतीस अंश. खोली सोळावर होती. तिने नाणं संगमरवरी लादीवर ठेवलं, कँटीनच्या फ्रीजमध्ये ठेवलं. चौतीस.

ह्या तापमानाचं तिला काही दिवस कोडं पडलं. मग एकदा बसल्या बसल्या तिने तारेचं टोक स्वतःच्या उजव्या तळव्यावर ठेवलं आणि मूठ घट्ट मिटली. चौतीस.

तिने हे लारला सांगितलं नाही. लार विचारायला आला नाही. नाणं कपाटाच्या खणात होतं, खणाच्या फटीतून तार बाहेर, आणि तिच्या टेबलावरच्या छोट्या पडद्यावर आकडा. हळूहळू तिला त्याची सवय झाली. घड्याळाकडे पाहावं तशी ती मधूनमधून तिकडे पाहायची.

एप्रिलमध्ये हंस परत जायला निघाले. शहरावरून त्यांच्या रांगा जात होत्या त्या सकाळी नेसा एका फुटक्या खापराला क्रमांक घालत होती. मान वर केली तेव्हा पडद्यावर एकतीस होतं.

मग सत्तावीस.

ती खणाकडे गेली नाही. जागेवरच बसून पाहत राहिली. कोणी मूठ उघडली की आतली वस्तू निवते, तसं ते निवत गेलं, आणि सोळावर येऊन थांबलं.

तिने वॅटीला फोन लावला. बराच वेळ वाजला.

"हं, बोल पोरी!" त्याचा आवाज खुशीत होता. मागे किटलीची वाफ फुरफुरत होती.

"वॅटी, सगळं ठीक आहे ना? जाळीवर काही आलं का?"

"जाळीवर कसलं? गवत. पण आज पाहुणा आलाय बघ. चराच्या काठाने चालत आला, डोक्यापासून ओला. वाट चुकला असेल बिचारा. शेगडीपाशी बसवलाय. हात म्हणजे नुसता बर्फ गं, दोन्ही हातांत धरून चोळला मी, ऊबच येईना."

"कोण आहे?"

"बोलत नाही. आपल्याकडचा दिसत नाही." मग फोनपासून दूर, मोठ्याने: "साखर किती घालू, भल्या माणसा?"

टेबलाच्या लाकडावर काहीतरी हलकं, धातूचं ठेवल्याचा आवाज आला.

"वॅटी, ऐका माझं. तुम्ही आत्ताच्या आत्ता बाहेर..."

"अगं थांब. येशू-मेरी-जोसेफ! चहाचे पैसे देतोय हा." तो हसला. मग त्याच्या जुन्या चष्म्याची डबी उघडल्याचा कट्ट असा आवाज. "आणि तुम्ही म्हणत होतात की ते शेवटचं होतं. हे बघ, तसलंच आहे. तोच सलगम, तोच क्रूस." तो थोडा वेळ थांबला. नीट पाहत असावा.

"फक्त ह्याच्यावर हात नाहीये."